गोणपाटावरचा नाच

ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा ‘कामगार चळवळीतील माझ्या आठवणी’ असा विषय सुचविला होता. आठवणी सांगणे सोपे असते. त्या पडताळून पाहणारे साक्षीदार एकेक करून कमी होत जातात आणि सांगणाराचे धैर्य वाढत जाते. म्हणून मी उलट टपाली दुसराच विषय कळविला : चिली देशातील बायकांनी गोणपाटावर शिवलेली चित्रे आणि त्या चित्रांतला एक नाच. चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “अहो, हा युनियनवाल्याचा विषय आहे का?” प्रश्न रास्त होता. पंचवीस वर्षांपूर्वी मीही तोच विचारला असता.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते पहिली पाळी संपल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर, मांडीवर शब्दकोश घेऊन. मला स्पॅनिश येत नाही. जे वाचले ते इंग्रजीतून. तेव्हा नावांचे उच्चार कोठे चुकले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

चिली हा देश दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, लुगड्याला काठ असावा तसा लागून आहे. लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर आणि रुंदी अगदीच बेताची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला आंदीज पर्वताची भिंत. राजधानी सांतियागो. तेथे कोठेही उभे राहिले तरी आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी तो बर्फाचा डोंगर दिसतो. हा डोंगर लक्षात ठेवावा. पुढे तो कापडावर भेटणार आहे.

आधी नाच सांगतो, कारण नाच कळल्यावाचून चित्र कळावयाचे नाही. ह्या नाचाचे नाव क्वेका. एकोणिसाव्या शतकात तो पेरूकडून चिलीत आला आणि तिथलाच होऊन बसला. हा जोडीचा नाच आहे. एक पुरुष, एक बाई; दोघांच्या हाती एकेक हातरुमाल. ती दोघे एकमेकांस शिवत नाहीत. कोंबडा कोंबडीभोवती पंख पसरून घिरट्या घालतो तसा पुरुष बाईभोवती अर्धवर्तुळे घेतो, ती वळते, हुलकावणी देते, पुन्हा सामोरी येते, आणि शेवटी दोघेही पाय आपटून ताल देतात. भोवती माणसे उभी राहून टाळ्या वाजवितात, गिटार वाजते, बायका गातात. १८ सप्टेंबर हा तिकडचा राष्ट्रीय सण. त्या दिवशी जमीनदाराच्या वाड्यापासून झोपडपट्टीतल्या मंडपापर्यंत क्वेका होतेच. आपल्याकडे मंगळागौरीला हातात हात अडकवून फुगडी घालतात. ती एकटीने घालून दाखव असे कोणी म्हटले तर ऐकणारी हसेल. क्वेकेचेही तसेच होते. ती एकट्याने करावयाची कल्पना कोणास कधी सुचली नव्हती.

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या लष्कराने लोकांनी निवडून दिलेले सरकार उलथून टाकले. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे ह्यांचा त्याच दिवशी राष्ट्रपती भवनात अंत झाला आणि जनरल पिनोचे ह्यांची सत्ता सुरू झाली. ती साडेसोळा वर्षे टिकली. सांतियागोचे राष्ट्रीय क्रीडांगण कैद्यांनी भरले. देशातील मध्यवर्ती कामगार संघटना त्याच महिन्यात बेकायदा ठरली. संप, मिरवणूक, सभा सारेच बंद. पुढारी तुरुंगात, परदेशात किंवा जमिनीखाली. माझ्यासारख्या माणसाने हा भाग वाचताना पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावे लागते. पावतीपुस्तक, फलक, दरवाजासभा ही आमची सारी हत्यारे. ती एका आठवड्यात काढून घेतली तर मागे काय उरते, हा प्रश्न आम्ही कधी स्वतःस विचारलेला नसतो.

मागे उरल्या बायका. रात्री दारावर थाप पडे, घरातल्या माणसास गाडीत घालून नेत, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीवर विचारावे तर उत्तर मिळे की असा कोणी माणूस आमच्याकडे आणलेलाच नाही. मग ह्या बायका चौकी, तुरुंग, इस्पितळ, शवागार असे रोज फिरत. त्या फिरण्यात, रांगांत, त्यांची एकमेकींशी ओळख झाली. ‘आमच्याकडे आणलेला नाही’ ह्या उत्तरात एक पुढचा टप्पा होता. १९७५ च्या जुलैत ११९ बेपत्ता लोकांची नावे छापून आली आणि हे लोक परदेशात आपापसांत लढून मेले असे चिलीतील वृत्तपत्रांनी सांगितले. बातमीचा उगम दोन अप्रसिद्ध परदेशी नियतकालिकांत होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात चिलीच्या प्रतिनिधीने सांगितले की, बेपत्ता म्हणून जी नावे दिली जातात त्यांपैकी कित्येकांना कायद्याने अस्तित्वच नाही. म्हणजे माणूस नाही एवढेच नव्हे, तो कधी नव्हताच.

येथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीचा एक विणकर विजेचा धक्का लागून गेला. मालकाचे म्हणणे असे की, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. यंत्रमागावर पुष्कळांचे नसते. त्याची बायको माझ्याकडे आली. मी सवयीने विचारले, “कागद काय आहे?” तिने पिशवीतून त्याचा सदरा काढला. सुताचे तंतू अजून त्याच्या बाह्यांना चिकटलेले होते. “हा बघा की दादा,” ती म्हणाली. मी म्हणालो, “सदऱ्याने काही सिद्ध होत नाही, वहिनी.” बोललो ते खोटे नव्हते. दावा आम्ही हरलो. परंतु तो सदरा मी हातात घेऊन पाहिलासुद्धा नाही. घडी करून तिने तो परत पिशवीत ठेवला. पुढे किती तरी वर्षांनी वाचनालयात एका पुस्तकात चिलीच्या ह्या चित्रांचे छायाचित्र पाहिले. खाली लिहिले होते की चित्रातला पुरुष त्याच्याच जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून शिवला आहे. त्या दिवशी तो सदरा मला आठवला.

आता ही चित्रे कशी निर्माण झाली ते पाहू. गोणपाटाला स्पॅनिशमध्ये आर्पियेरा म्हणतात आणि तेच नाव चित्राला पडले. कापडावर भरतकाम करून गोष्ट सांगण्याची रीत तेथे अगदीच नवी नव्हती. व्हियोलेता पारा ही चिलीची फार मोठी लोकगायिका (जन्म १९१७, मृत्यू १९६७). तिची आई शिवणकाम करी. व्हियोलेता आजारपणात अंथरुणावर पडली असता तिने गोणपाटावर लोकर भरण्यास आरंभ केला, आणि तीच कामे १९६४ मध्ये पॅरिसला लूव्र राजवाड्यातील सजावटकलांच्या संग्रहालयात मांडली गेली. इस्ला नेग्रा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात कोळ्यांच्या बायकाही अशी भरतचित्रे करीत. तथापि ती चित्रे सुखाची होती : मासे, शेते, लग्ने.

लष्करी सत्ता आल्यावर महिन्याभरातच निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंनी मिळून पीडितांसाठी एक समिती काढली. पिनोचे ह्यांनी दडपण आणून १९७५ च्या अखेरीस ती मोडावयास लावली. तेव्हा सांतियागोचे कार्डिनल राऊल सिल्वा एन्रीकेस ह्यांनी १ जानेवारी १९७६ पासून खुद्द चर्चचेच एक कार्यालय उघडले. त्याचे नाव व्हिकारिआ दे ला सोलिदारिदाद, म्हणजे एकजुटीचे धर्मकार्यालय. ते थेट मुख्य प्रार्थनामंदिराच्या आवारात, त्यामुळे त्याला हात लावणे सरकारला जड गेले. ह्या समितीच्या आणि मग ह्या कार्यालयाच्या आश्रयाने बायकांचे शिवणवर्ग सुरू झाले. बायका गरीब, मिळवता माणूस गेलेला किंवा कारखान्यातून काढलेला. नवे कापड कोठून आणणार? पिठाच्या रिकाम्या गोण्या आणि घरातल्या चिंध्या. आपल्या घरोघरी गोधडी ज्या मालातून होते त्यातूनच हे झाले.

उशीच्या अभ्र्याहून लहान असा गोणपाटाचा तुकडा. वरच्या बाजूस आंदीजचे डोंगर आणि बहुधा सूर्य. खाली घरे, रस्ता, झाड. त्यावर चिंध्यांच्या लहान बाहुल्या टाकलेल्या. त्या कापडापासून सुट्या उभ्या राहतात, त्यामुळे चित्राला फुगवटा येतो. कडेने लोकरीची विणलेली किनार. कधी काड्यापेटीच्या काड्यांचे केरसुणीचे दांडे, कधी पत्र्याचा तुकडा भांडे म्हणून. काही जणी बाहुलीच्या डोक्याला स्वतःचे केस लावीत. विषय म्हणाल तर वस्तीतील सामाईक चूल आणि तिच्यावरचा मोठा हंडा, तोडलेले नळ, टाळे लागलेला कारखाना, तुरुंगाच्या दारातली रांग, ‘ते कोठे आहेत?’ असा फलक धरलेल्या बायका. पुष्कळ चित्रांच्या पाठीमागे एक छोटा खिसा शिवलेला असे आणि त्यात एक चिठ्ठी : हे चित्र कशाचे आहे ते दोन-चार ओळींत लिहिलेली.

युनियनच्या माणसाची नजर जेथे जावयाची तेथे माझीही गेली. ह्या गटांना खजिनदार होता. चित्रांच्या विक्रीतला काही भाग सामाईक निधीत जाई आणि ज्या बाईवर पाळी येई तिला त्यातून मदत मिळे. काम एकत्र बसून होई, आणि झालेले काम सर्वांसमोर मांडून टाके तपासले जात. वर्गणी, निधी, सभा, तपासणी हे सारे आले. फक्त युनियन हे नाव नव्हते. सरकार पुरुषांच्या चार डोक्यांची बैठक उधळून लावीत होते, आणि चर्चच्या तळघरात वीस बायका आठवड्याच्या आठवड्याला सभा भरवीत होत्या. बायका शिवीत बसल्या आहेत, त्यात काय पाहावयाचे, असे शिपायास वाटे. खरे म्हणजे आम्हा चळवळीतल्या लोकांसही तसेच वाटते. शिपायाच्या आणि आमच्या डोळ्यांत ह्या बाबतीत फारसा फरक नव्हता, हे लिहिताना बरे वाटत नाही.

१९७८ सालच्या ८ मार्चला सांतियागोच्या कौपोलिकान नाट्यगृहात महिला दिनाची मोठी सभा झाली. तिची खटपट करणाऱ्यांत कामगार संघटनांच्या समन्वय समितीचा महिला विभाग पुढे होता, एवढे मी अभिमानाने नमूद करतो. बेपत्ता झालेल्यांच्या नातेवाइकांनी तोवर आपली संघटना बांधली होती आणि तिच्यातील गायक बायकांचा एक संच तयार झाला होता. गाला तोरेस ही त्यातील पुढाकार घेणारी. तिचा भाऊ नाहीसा झालेला होता. ह्या बायका काळा घागरा आणि पांढरे पोलके घालून मंचावर आल्या. प्रत्येकीच्या छातीवर आपल्या माणसाचे छायाचित्र टाचलेले. बसलेल्या गाऊ लागल्या, गिटार वाजू लागली, टाळ्या सुरू झाल्या. त्यांतली एक उठली, हातरुमाल उंचावला आणि क्वेका नाचू लागली. एकटी.

तिने नाचात काहीही बदल केला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वळणे तीच, अर्धवर्तुळे तीच, पावले मोजून तेवढीच. समोर ज्याने यावयाचे त्याची जागा सोडून ती नाचली. तो जेथे सामोरा आला असता तेथे ती थांबली, तो वळला असता तेथे वळली. नाट्यगृहातल्या प्रत्येकाला हा नाच लहानपणापासून पाठ होता. त्यामुळे नसलेल्या माणसाचे प्रत्येक पाऊल बघणाराच मनात टाकीत गेला. ह्याला त्यांनी नाव दिले ‘क्वेका सोला’, एकटीची क्वेका. ज्याला कायद्याने अस्तित्व नव्हते त्याची हजेरी त्या दिवशी भर सभेत लागली, आणि ती लावण्यासाठी कागद लागला नाही.

पुढची मौज सरकारनेच केली. १८ सप्टेंबर १९७९ रोजी हुकूम काढून क्वेका हा चिलीचा राष्ट्रीय नाच ठरविला गेला. लष्कराला हा नाच आवडे तो जमीनदारी थाटाचा : घोडेस्वाराचा पोशाख, टाचेला चकचकीत आरी, हसरी जोडपी. शाळाशाळांतून तो शिकविला जाऊ लागला. परंतु एखादी गोष्ट राष्ट्राची म्हणून जाहीर केल्यावर ती नाचणारीला पकडावे कोणत्या कलमाखाली? घोषणा नाही, शिवी नाही, सरकारचे नावसुद्धा नाही. राष्ट्रीय नाच सुरू आहे, फक्त अर्धा.

नाच तीन मिनिटांत संपतो आणि पाहणारे घरी जातात. येथे गोणपाट कामास आले. क्वेका सोला चित्रांत शिरली. अशा एका चित्राचे वर्णन करतो. वर नेहमीचे डोंगर. मध्ये ओळीने बायका बसलेल्या, एकीच्या मांडीवर कापडाची गिटार. सर्वांचे घागरे काळे, पोलकी पांढरी. छातीवर नखाएवढा पांढरा चौकोन, तेच छायाचित्र. पुढे एक बाहुली उभी, हात वर, हातात रुमालाची चिंधी. तिच्यासमोर काहीच शिवलेले नाही, नुसते कापड. चित्रकलेत मोकळ्या जागेचे महत्त्व थोर असते असे जाणकार सांगतात. मला त्यातले कळत नाही. पण शिवणाऱ्या बाईने इतर सर्व कोपरे घरांनी, झाडांनी, डोंगरांनी गच्च भरून टाकले आणि नेमकी तेवढी जागा मोकळी ठेवली, हे कळावयास जाणकार लागत नाही.

ही चित्रे व्हिकारिआच्या मार्फत परदेशी जात. युरोप-अमेरिकेत देशोधडीला लागलेले चिलीचे लोक होते. ते आणि त्यांचे स्नेही ती विकत घेत. सरकारपक्षाच्या वृत्तपत्रांनी ह्या चिंध्यांची नोंद घेतली, देशाची बदनामी चालली आहे असे म्हटले. जकात नाक्यावर गठ्ठे अडवून ठेवले गेले. ज्या कामाकडे शिपायाने पाहिले नव्हते ते राज्यकर्त्यांना आता दिसू लागले होते. पण तोवर उशीर झाला होता. आणि चिंधीची सत्ता किती टिकते त्याचा एक दाखला द्यावासा वाटतो. १९७८ च्या अखेरीस सांतियागोजवळ लोंकेन येथे चुन्याच्या जुन्या भट्ट्यांत पंधरा जणांचे सांगाडे सापडले. १९७३ च्या ऑक्टोबरात पकडून नेलेले हे शेतकरी आणि मजूर. बेपत्ता माणसे मेली आहेत आणि ती कोणी मारली, ह्याचा तो पहिला धडधडीत पुरावा. पुढल्या वर्षी घरची माणसे चर्चमध्ये अंत्यविधीसाठी वाट पाहत बसली असता अधिकाऱ्यांनी ते अवशेष परस्पर पुरून टाकले. १९८० मध्ये त्या भट्ट्याही सुरुंगाने उडविण्यात आल्या. आज भट्ट्या नाहीत. बायकांनी गोणपाटावर शिवलेल्या भट्ट्या आहेत.

ह्या चित्रांनी किंवा ह्या नाचाने हुकूमशाही पाडली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे ११ मे १९८३ रोजी तांब्याच्या खाणीतील कामगारांच्या महासंघाने राष्ट्रीय निषेधाची हाक दिली त्यांवर अन्याय करणे होय. त्या रात्री सांतियागोत घराघरांतून रिकामी भांडी बडविली गेली, आणि त्यानंतर निषेधाचे दिवस वारंवार येत राहिले. पुष्कळ माणसे मेली. शेवटी ५ ऑक्टोबर १९८८ रोजी पिनोचे राहावेत की नाही ह्यावर सार्वमत झाले. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना दूरचित्रवाणीवर सत्तावीस दिवस रोज रात्री उशिरा पंधरा मिनिटे मिळाली होती. इतक्या वर्षांत प्रथमच मिळालेल्या त्या मिनिटांत त्यांनी देशाला एकटीची क्वेका दाखविली. सुमारे ५६ टक्के मते ‘नाही’ची पडली. त्याआधीच स्टिंग ह्या इंग्रज गायकाने १९८७ मध्ये ह्या नाचणाऱ्या बायकांवर गाणे रचले होते आणि ते जगभर गेले. मला त्या गाण्यापेक्षा १२ मार्च १९९० चा दिवस मोठा वाटतो. त्या दिवशी नव्या लोकनियुक्त सरकारचा समारंभ सांतियागोच्या त्याच राष्ट्रीय क्रीडांगणावर झाला, जेथे १९७३ मध्ये कैदी डांबले होते. समारंभात त्या बायका मैदानावर आल्या आणि एकट्याने नाचल्या. सरकार बदलले होते, पण त्यांच्या समोरची जागा भरलेली नव्हती. आनंदाच्या दिवशी हे कशाला, असे काही जणांना वाटले असेल. त्यांना नाचण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या जागेचा हिशेब अजून चालू आहे. २०२३ च्या ऑगस्टात, लष्करी उठावाला पन्नास वर्षे होत असता, चिलीच्या सरकारने बेपत्ता लोकांच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. बेपत्ता केलेले आणि मारून ज्यांचे देह परत दिले नाहीत असे मिळून १,४६९ लोक तिच्या यादीत होते. त्यांपैकी ३०७ जणांच्या अवशेषांची तोवर ओळख पटली होती. उरले १,१६२. इतकी वर्षे हा शोध प्रामुख्याने नातेवाइकांच्याच अंगावर होता. तो सरकारने आपल्या शिरावर घेतला तो असा, नाचणाऱ्या पहिल्या पिढीतील कित्येक बायका वारल्यानंतर. त्यांच्या मुली आणि नाती ती क्वेका नाचतात.

चित्रांचे म्हणाल तर १९९० नंतर त्यांना गिऱ्हाईक कमी झाले. परदेशच्या लोकांना वाटले, आता प्रश्न सुटला. १९९२ मध्ये व्हिकारिआचे कार्यालय बंद झाले. आज प्रवाशांसाठी ज्या आर्पियेरा विकल्या जातात त्यांत बहुधा भाजीबाजार आणि द्राक्षांचे मळे असतात. पोट भरावयाचे तर बाईने तेही शिवावे, त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. जुन्यांपैकी पुष्कळ सांतियागोच्या स्मृती आणि मानवी हक्कांच्या संग्रहालयात आहेत. ते २०१० मध्ये उघडले. काही उत्तर आयर्लंडमधील एका संग्रहात आहेत. रोबेर्ता बासिच ह्या मूळच्या चिलीच्या बाईंनी तो उभा केला आणि निरनिराळ्या देशांत त्याची प्रदर्शने भरविली. त्यातही एकटीच्या क्वेकेचे चित्र आहे. अशी चित्रे भिंतीवर टांगली की पुढची बाजू सर्वांना दिसते. पाठीमागच्या खिशातली चिठ्ठी वाचावयाची तर चित्र खाली उतरवून, हातात घेऊन, उलटे करावे लागते.